दाराआडचे चार सेकंद : मिरीच्या एकटेपणाच्या धास्तीचं प्रकरण

मिरी या कुत्रीच्या घरच्यांनी पहिल्या भेटीआधीच मला ४७ मिनिटांचा एक व्हिडिओ पाठवला. टीव्हीच्या कपाटावर जुना मोबाइल उभा करून केलेलं चित्रीकरण. सोबत ताईंचा निरोप होता : 'आम्हाला दहा मिनिटांच्या पुढे बघवत नाही. तुम्ही बघा.'

मी पूर्ण पाहिला, दोनदा. दार लागल्यावर आठव्या सेकंदाला मिरीचे कान मागे जातात. चाळिसाव्या सेकंदाला पहिलं बारीक कुंईकुंई. दोन मिनिटं होतात तोवर ती दार आणि बाल्कनी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालू लागलेली असते. बाहेर पाऊस पडतोय, हवा थंड आहे, तरी ती भर उन्हातून पळून आल्यासारखी धापा टाकते. सहाव्या मिनिटाला चौकट खरवडायला सुरुवात. मग भुंकणं, एकाच सुरात, श्वास घेण्यापुरतं थांबून पुन्हा. १९व्या मिनिटाला ती दारापाशीच लघवी करते आणि त्याच ओल्यात उभी राहून भुंकत राहते. कोपऱ्यात उकडलेल्या चिकनचा वाडगा ठेवलेला आहे. एवढ्या वेळात तिने त्याला तोंडही लावलेलं नाही. शेवटी लॅच वाजतं, काकू आत येतात आणि मिरी त्यांच्या अंगावर अशा उड्या घेते की त्यांना भिंत धरावी लागते. दोन मिनिटं अशीच जातात. मग ती वाडग्यापाशी जाते आणि सगळं चिकन संपवते.

व्हिडिओतलं माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं दृश्य हे शेवटचं. पोटात भूक होती, समोर आवडीचं खाणं होतं आणि तरी घशाखाली घास उतरत नव्हता. कंटाळलेलं कुत्रं आधी चिकन खातं, मग उशी फाडतं. ही कुत्री कंटाळलेली नव्हती, घाबरलेली होती.

घर

मी पुण्यात कुत्र्यांच्या वर्तनावर काम करते. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे औषधांचे सगळे निर्णय या प्रकरणात कुटुंबाच्या पशुवैद्यांनी घेतले आहेत. हे टिपण घरच्यांच्या संमतीने लिहीत आहे.

कोथरूडमधली चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. ताई आणि दादा दोघंही आयटीत. दादांच्या आई, म्हणजे काकू, त्यांच्याबरोबर राहतात. मिरी गावठी, अंगाने काळीभोर, छातीवर पांढरा ठिपका, वजन १६ किलो, नसबंदी झालेली. जुलै २०२०मध्ये, टाळेबंदीचे दिवस असताना, पार्किंगमधल्या एका गाडीखाली भिजत बसलेलं सहा-सात आठवड्यांचं पिल्लू काकूंनी पदरात गुंडाळून वर आणलं होतं.

तेव्हापासून मे २०२२पर्यंत मिरी एक मिनिटही एकटी राहिली नव्हती. तिला जपायचं म्हणून कुणी ठरवून केलं असं नाही, तशी वेळच आली नाही. दोघांचं काम घरून, काकू घरात, पाहुणे नाहीत, लग्नकार्यं नाहीत. पिल्लू पहिल्या काही महिन्यांत जे जे बघतं ते ते त्याला जगाचा नेम वाटतं. मिरीच्या जगाचा नेम असा होता की घरात कायम कुणीतरी असतं. त्या दोन वर्षांत घरी आलेली अशी बरीच कुत्री मी पाहिली आहेत.

मे २०२२मध्ये काकू लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या. माळ्यावरून मोठी बॅग निघाली, दोन दिवस हॉलमध्ये उघडी राहिली, मग काकूंसोबत गेली. तीनच आठवड्यांनी दोघांनाही मंगळवार, बुधवार, गुरुवार ऑफिसला बोलावलं. मिरीच्या बाजूने पाहिलं तर आधी एक माणूस नाहीसं झालं आणि मग एका सकाळी नऊ वाजता उरलेली दोन्ही. संध्याकाळी सातपर्यंत कुणी नाही.

जून-जुलैमध्ये जे घडलं ते थोडक्यात सांगते. चौकटीचं लाकूड खालून एक वीतभर उकरलं गेलं. पुढच्या पायाचं एक नख मुळापासून निघालं. एका प्रशिक्षकाने सल्ला दिला की पिंजरा आणा, त्यात कोंडा, 'तासाभरात गप्प होते'. ती गप्प झाली नाही. सळ्या चावून तिचा एक सुळा तुटला. आधीच घाबरलेल्या जिवाला आणखी अरुंद जागेत कोंडलं तर भीती दुप्पट होते. पिंजऱ्यात आनंदाने झोपणारी कुत्री असतात, त्यांना तो हळूहळू, दार उघडं ठेवून ओळखीचा करून दिलेला असतो. घाबरलेल्या कुत्र्याला गप्प करण्यासाठी तो वापरणं मला क्रूर वाटतं आणि हे मी दर वेळी स्पष्ट सांगते.

जुलैअखेर भुंकण्याच्या तक्रारीचं सोसायटीचं पत्र आलं. त्याच आठवड्यात काकू नाशिकहून परतल्या. प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. पण आता मिरी काकूंना न्हाणीघरातही एकटं जाऊ देईना. गुडघ्याच्या फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा जायचं, गुरुवारचं भजन, कोपऱ्यावर भाजी आणायची, सगळं अडलं. पहिल्या भेटीत, ८ ऑगस्टला, काकू मला म्हणाल्या, "अगं, माझा जीव आहे तिच्यावर. पण मी काय कैदेत राहू का?" हे वाक्य मी माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं, कारण योजना मिरीइतकीच काकूंसाठीही करायची होती.

'ती मुद्दाम करते'

दादांचं म्हणणं वेगळं होतं. "तिला कळतं हो आपण चुकलोय ते. घरात आलो की कान पाडून, शेपूट आत घालून कोपऱ्यात बसते. म्हणजे मुद्दामच करते ना?"

जवळजवळ प्रत्येक घरात मला हा प्रश्न येतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये नेमकं हेच तपासलं. मालक बाहेर गेल्यावर कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याची खरी-खोटी माहिती मालकाला दिली गेली. कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा त्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हताच. मालक रागावला की तो चेहरा यायचा, निर्दोष कुत्र्याच्याही तोंडावर. म्हणजे ती कबुली नसते, 'रागावू नका' अशी विनवणी असते.

मी दादांना एवढंच विचारलं की दार उघडल्यावर त्यांची नजर आधी कुठे जाते. "चौकटीकडे," ते म्हणाले आणि थोडा वेळ गप्प झाले. दोन महिने मिरी आठवड्यातले तीन दिवस दिवसभर घाबरत होती आणि संध्याकाळी जे माणूस येण्याची ती वाट पाहत होती तेही रागावून येत होतं. त्या दिवसापासून घरात ओरडणं पूर्ण बंद झालं. पहिल्या भेटीतून दुसरं काही निघालं नसतं तरी मला चाललं असतं.

लाडाचाही विषय निघाला. मिरी काकूंच्या पायाशी झोपते, तिला पोळीचा तुकडा मिळतो, म्हणून हे झालं का? अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या २००१च्या अभ्यासात एकटेपणाच्या धास्तीची तक्रार असलेली २०० कुत्री आणि वर्तनाच्या इतर तक्रारींची २०० कुत्री यांची तुलना झाली. माणसाला सतत चिकटून राहण्याचा या धास्तीशी संबंध दिसला, लाड करण्याचा दिसला नाही. तेव्हा पायाशी झोपणं चालू ठेवा, असं मी सांगितलं. काकूंचा चेहरा खुलला.

आधी डॉक्टर

घरात लघवी करणारं कुत्रं आलं की मी आधी लघवीची तपासणी करायला सांगते. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर प्रशिक्षणाने काही होत नाही. मिरीची लघवी, रक्त, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या झाल्या. पुण्यात गोचिडतापाचं प्रमाण पाहता तीही तपासणी झाली. सगळं व्यवस्थित होतं. तुटलेल्या सुळ्यामुळे वेदना होत होती, त्यावर उपचार झाले. दुखणाऱ्या जिवाची सोसण्याची ताकद कमी झालेली असते, म्हणून हे आधी उरकणं गरजेचं होतं.

दुसरी शंका आवाजाची. ऑगस्टमध्ये मुठेच्या काठावर ढोल-ताशा पथकांचा सराव रोज संध्याकाळी चालतो आणि मिरी ढोलाला दचकते. पण व्हिडिओ सकाळी साडेदहाचा होता आणि पावसाखेरीज दुसरा आवाज त्यात नव्हता. आवाजाची भीती होती, ती या धास्तीवर भर घालत होती, पण मूळ तिथे नव्हतं.

तिसरी गोष्ट तपासायची होती ती सर्वांत उपयोगी ठरली. मिरीला नेमकं कोण हवं असतं? काही कुत्र्यांना एक ठरावीक माणूसच लागतं, तो गेला की भरलं घरही रिकामं. काहींना कुणीही चालतं. चौथ्या मजल्यावर सीएचा अभ्यास करणारी एक मुलगी राहते, मिरी तिला ओळखते. तिला पुस्तकं घेऊन खाली बसवलं आणि घरचे तिघंही पाच मिनिटं जिन्यात गेले. मिरी एकदा दारापाशी गेली, वास घेतला, परत आली आणि मुलीच्या पायाशी अंग टाकलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मीसुद्धा. मिरीला माणूस हवं होतं, अमुकच माणूस नव्हे. याचा अर्थ तिच्यासोबतीची पाळी लावता येणार होती.

एक नियम

पूर्ण योजनेत न मोडण्याचा नियम एकच होता. जेवढा वेळ मिरीला न घाबरता सोसतो, त्याच्यापलीकडे तिला एकटं ठेवायचं नाही, एकदाही नाही. प्रत्येक कुत्र्याच्या भीतीला एक उंबरठा असतो. अलीकडे राहिलं की शिकणं होतं, पलीकडे गेलं की फक्त घाबरणं होतं, आणि महिनाभराची मेहनत एका सकाळीत वाया जाते. 'रडू दे, सवय होईल' हा सल्ला इथे उलटा पडतो. सवय भीतीचीच होते.

पण नोकरी करणाऱ्या घराने हे करायचं कसं? एक अख्खी संध्याकाळ आम्ही यावर घालवली. दोघांनी आपापल्या मॅनेजरशी बोलून ऑफिसचे दिवस फिरवून घेतले : दादा सोम-मंगळ-बुध, ताई बुध-गुरु-शुक्र. म्हणजे दोघंही बाहेर असा एक बुधवारच उरला. बुधवारी काकू चारपर्यंत घरी, चारनंतर वरची मुलगी पुस्तकं घेऊन खाली. बदल्यात तिला शांत खोली आणि काकूंचा चहा. बाकी दिवशी काकू मोकळ्या, फिजिओ आणि भजन पुन्हा सुरू. फ्रिजवर तक्ता लागला, वर काकूंनी स्वतः लिहिलं, 'मिरीची पाळी'. ज्यांच्या घरी एवढी माणसं नसतात त्यांना कुत्र्यांचं पाळणाघर, पगारी सोबत, नातेवाईक असं काहीतरी जुळवावं लागतं आणि त्याला पैसे पडतात. हे मी आधीच सांगते, लपवत नाही.

सेकंद

११ ऑगस्टला सराव सुरू झाला. घराला दोन दारं, आत लाकडी आणि बाहेर सेफ्टी डोअर. पहिल्या दिवशी ताई फक्त उठून लॅचला हात लावून परत बसल्या. मिरीने डोकं उचललं. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. आठव्या वेळी तिने डोकं उचललं नाही. मग दार उघडून बंद. मग बाहेर एक पाऊल. त्या दिवशी मिरीला बंद दाराआड सोसलेला सर्वांत जास्त वेळ चार सेकंद.

चार सेकंद ऐकून दादा हताश झाले. त्यांना नऊ तास हवे होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही झाले असते. मी त्यांना म्हटलं, नऊ तासांचा हिशोब आज नको. तिला पोहायला शिकवतोय असं समजा आणि आज पाणी घोट्यापर्यंत आहे.

सराव दिवसातून एकदा, वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्याला पाच दिवस. जुना मोबाइल टीव्हीच्या कपाटावर, व्हिडिओ कॉल चालू, बाहेरचं माणूस जिन्यात हेडफोन लावून मिरीला बघत उभं. वेळ चढत्या क्रमाने वाढवायचा नाही. चार, दोन, सहा, तीन, पाच, एक. दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय हे कुत्र्याच्या लवकर लक्षात येतं आणि मग ते पहिल्या सेकंदापासून ताणून बसतं.

घड्याळापेक्षा मिरीचं अंग वाचणं महत्त्वाचं. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, पुढचा एक पाय उचललेला, कपाळावर आठी, दारावर खिळलेली नजर : यातलं काही दिसलं की पुढची वेळ कमी करायची. एका कुल्ल्यावर कलंडून बसली, हनुवटी टेकली, नाकातून मोठा निःश्वास सोडला, तर बरं चाललंय. ताई हे इतक्या छान शिकल्या की तिसऱ्या आठवड्यात त्या मला सांगू लागल्या, "आज डाव्या कानात काहीतरी आहे, आज नको वाढवायला."

जिन्यात उभं राहण्याचा त्रास वेगळाच. येणारा-जाणारा विचारतो, किल्ली विसरलात का? पहिले दिवस ताईंना ओशाळल्यासारखं व्हायचं. मग त्यांनी एक दिवस पहिल्या मजल्यावरच्या काकांना सगळं समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या जिन्यात लोक पाय न वाजवता चढू लागले.

घरातून निघण्याच्या खुणा हा आणखी एक धागा. किल्ल्या, हेल्मेट, बॅग हे सगळ्यांना सुचतं. मिरीची मुख्य खूण आम्हाला बारा दिवसांनी सापडली : डब्याच्या झाकणाचा 'टक्' आवाज. सकाळी डबा बंद झाला की माणसं जातात, हे तिने पक्कं धरलं होतं. मग डबा वेळीअवेळी वाजू लागला. रविवारी दुपारी त्यात चिवडा भरला गेला, रात्री टीव्हीसमोर तो उघडून बंद झाला आणि कुणी कुठेच गेलं नाही.

खाऊ मी सरावात वापरला नाही. चाटायच्या चटईवर बिनमिठाचा दहीभात लावून दिला की पुष्कळ कुत्री पाच मिनिटं रमतात, पण चटई संपताच त्यांना घर रिकामं असल्याचं कळतं आणि भीतीचा झटका येतो. पालकांना मात्र पाच मिनिटांची प्रगती झाली असं वाटत राहतं. दहीभाताची चटई मिरीला रोज मिळते, घरात सगळे असताना. आणि सकाळी वेताळ टेकडीवर तासभर, लांब दोरीवर, पाहिजे तितका वास घेत. भराभर चालवून दमवणं मी सांगत नाही. नाकाने केलेलं काम कुत्र्याला जास्त शांत करतं, असा माझा अनुभव आहे.

गणपती, गोळी, दिवाळी

ऑगस्टअखेर ४० सेकंद झाले. ३१ ऑगस्टला गणपती बसले, घर पाहुण्यांनी भरलं, सराव थांबवला. ९ सप्टेंबरच्या विसर्जनानंतर पुन्हा सुरू केला तेव्हा १२ सेकंदांवर होतो. शिवाय मिरी दिवसभर एरवीही ताठरलेली दिसत होती, झोपेत दचकत होती. इथे मी पशुवैद्यांना म्हटलं की आता औषधाचा विचार व्हावा.

या आजारासाठी क्लोमिप्रामिनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७मध्ये मान्यता दिली, दोन्ही वर्तन-प्रशिक्षणाच्या जोडीने द्यायची औषधं म्हणून. मिरीला १७ सप्टेंबरपासून फ्लुओक्सेटिन सुरू झालं. काकू घाबरल्या होत्या, "गुंगी देऊन गप्प बसवायचं का गं तिला?" गुंगीची गोष्टच वेगळी. नुसत्या गुंगीने शरीर पडून राहतं, आतली भीती तशीच राहते. हे औषध हळूहळू भीतीची पातळी खाली आणतं, म्हणजे शिकायला जागा मिळते. पूर्ण परिणामाला चार ते सहा आठवडे लागतात. पहिले दहा दिवस मिरीची भूक मंदावली, नंतर पूर्ववत झाली. एक खबरदारी पालकांना मुद्दाम सांगते : गोचिडांसाठी अंगाला लावतात ते अमिट्राझ या गोळीबरोबर चालत नाही. पावसाळ्यात दुकानातून बाटली आणून लावण्याची सवय असलेल्या घरात हे सांगितलंच पाहिजे. गोळी अचानक बंदही करायची नाही.

२४ ऑक्टोबरच्या लक्ष्मीपूजनाच्या आगेमागे आठवडाभर पुन्हा सराव बंद. आतल्या खोलीत पंखा चालू, खिडक्यांना गाद्या, काकू तिच्याशेजारी जमिनीवर. फटाक्यांच्या दिवसांसाठी डॉक्टरांनी वेगळी गोळी दिली होती. ९ नोव्हेंबरला आम्ही सहा मिनिटांवर होतो. ऑगस्टमधल्या व्हिडिओत चौकट खरवडणं सुरू झालं ते याच मिनिटाला.

लॅच

१६ नोव्हेंबर, बुधवार. काकू कुरिअर घ्यायला उंबऱ्याबाहेर आल्या, वाऱ्याने दार लागलं, लॅच बसलं. किल्ली आत, फोन आत. दादा-ताई हिंजवडीला. दुसरी किल्ली वरच्या मुलीकडे आणि ती क्लासला.

सातव्या मिनिटाला मिरी रडू लागली. काकू सेफ्टी डोअरला टेकून जमिनीवर बसल्या, दुखऱ्या गुडघ्यानिशी, आणि तिच्याशी बोलत राहिल्या. हे मला दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी सांगितलं. "मी इथेच आहे गं बाई, कुठ्ठं गेले नाही. हे बघ माझी बोटं," असं म्हणत त्यांनी दाराखालच्या फटीतून बोटं आत सरकवली होती. मिरी ती चाटत होती. मधूनच भुंकत होती, पुन्हा येऊन चाटत होती. ३८ मिनिटांनी मुलगी आली.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या. "सगळं पाण्यात घातलं गं मी." मी त्यांना जे सांगितलं ते मला मनापासून वाटत होतं : दार वाऱ्याने लागलं, तुम्ही मात्र उठून गेला नाहीत.

दोन दिवस पूर्ण विश्रांती. तिसऱ्या दिवशी मिरीला २० सेकंद सोसले. ताई खचल्या. पण ऑगस्टमध्ये ज्या ४० सेकंदांना तीन आठवडे लागले होते ते आता दोन दिवसांत आले आणि नवव्या दिवशी आम्ही पुन्हा सहा मिनिटांवर होतो. शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, वरून फक्त धूळ बसली होती. त्यानंतर एक किल्ली वॉचमनकाकांकडे गेली आणि लॅचची कळ दिवसा वर अडकवून ठेवायची पद्धत पडली.

खालचा मजला

सोसायटीच्या पत्रामागे खरी तक्रार एकाच घराची होती. दुसऱ्या मजल्यावर, बरोबर खाली, एक परिचारिका राहतात. त्यांची रात्रपाळी असते, सकाळी साडेआठला येऊन त्या झोपतात. जून-जुलैमध्ये त्यांना झोप मिळालीच नाही.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, भुंकण्याचं कारण देऊनही नाही. दादांना त्या सूचना छापून समितीपुढे ठेवायच्या होत्या. मी म्हटलं, ठेवा, पण आधी खाली जाऊन या. रात्रभर रुग्णांसाठी जागलेल्या बाईला झोप हवी, ही मागणी कोणत्याही नियमाहून कमी नाही. ताई पोह्यांचा डबा घेऊन गेल्या, ४७ मिनिटांतली दोन मिनिटं त्यांना दाखवली, आणि 'मिरीची पाळी' तक्त्याचा फोटोही. त्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मला वाटायचं भांडखोर कुत्री आहे." त्यांनी आपल्या पाळ्यांचं वेळापत्रक पाठवायला सुरुवात केली आणि सराव त्या झोपेच्या वेळा सोडून होऊ लागला. समितीपुढे सूचना ठेवायची वेळ आली नाही.

पुढचे महिने

संक्रांतीच्या आठवड्यात ३२ मिनिटं. तिथे बरेच दिवस अडकलो. अर्ध्या तासानंतर मिरी उठायची, दारापाशी जायची, परत यायची. याचं कारण लिफ्ट होती. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि आपलं माणूस आलं नाही, की तिला निराशा यायची. त्यावर उपाय फार साधा निघाला, अंथरूण आतल्या खोलीत हलवलं आणि पंखा मोठा केला. पाडव्याला, २२ मार्च २०२३ला, ताई-दादा आणि काकू बऱ्याच काळात प्रथमच तिघं मिळून बाहेर जेवायला गेले. १ तास ३५ मिनिटं, तेही मोबाइल ताटाशेजारी ठेवून. काकूंनी श्रीखंडाचा घास थांबवून विचारलं, "झोपलीये का?" झोपली होती.

तासाचा टप्पा ओलांडला की पुढचं सहसा भराभर येतं. जून २०२३मध्ये चार तास झाले. तिथे आम्ही थांबलो. त्याहून जास्त हवं का, हे मी घरच्यांना विचारलं. दादांनीच सांगितलं की नको, दिवसभर एकटं कुणाला ठेवायचं नाही. डॉक्टरांनी ऑक्टोबरपासून गोळी अगदी हळूहळू कमी करत आणली, प्रत्येक टप्प्यावर व्हिडिओ पाहून.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. माळ्यावरची मोठी बॅग खाली आली की मिरी थरथरते, कान मागे, शेपूट आत, काकूंच्या पायात घुसते. सगळं तिथूनच सुरू झालं होतं. नातीच्या वाढदिवसाला काकूंना नाशिकला जायचं आहे, म्हणून बॅग तीन आठवड्यांपासून हॉलमध्ये उघडीच ठेवली आहे, कुणी काही न भरता. पहिले चार दिवस मिरी भिंतीकडेने लांबून जायची. मग तिच्या जुन्या चादरीचा तुकडा आत पडला. परवाच्या व्हिडिओत ती बॅगेपाशी येते, वास घेते, पुढचे दोन पाय आत ठेवते आणि तशीच अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहून काकूंकडे बघते. काकू शेंगा सोलत बसल्या आहेत. त्या वर न बघता म्हणतात, "बस की."

मिरी अजून बसलेली नाही.